घर बांधताय? स्मार्ट होमचं स्लॅब पडायच्या आधीच ठरवा

साताऱ्याला आमचं घर चाललंय. खाली हॉल, किचन, आईबाबांची बेडरूम, वर दोन खोल्या आणि गच्ची, एवढंच. खालचा स्लॅब झालाय, वरच्याची सेंट्रिंग लागतीये, आणि गेले कित्येक दिवस मी आणि माझा भाऊ रात्री फोनवर एकाच विषयावर बोलतोय, वायरिंग. मी पुण्यात, तो बंगळुरूला, आणि त्या घरात राहणार आईबाबा. त्यामुळे घर स्मार्ट करायचं म्हणजे कुणासाठी, कशासाठी, हे सगळ्यात आधी ठरवावं लागलं. हे लिहितीये कारण आमच्या ओळखीत सध्या निदान चार-पाच घरं चालू आहेत आणि प्रत्येकजण विचारतोय की अलेक्सा घेऊ का गुगल, कुठल्या कंपनीचे स्विच घेऊ. माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे, ते सगळं वास्तुशांतीनंतर ठरवलं तरी चालतं, दोन वर्षांनी बदललं तरी चालतं, पण पाईप, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर), बोर्डाच्या पेटीची खोली आणि बॅकअपची लाईन हे आत्ता ठरवलं नाही तर नंतर रंगवलेली भिंत फोडावी लागते आणि ते कुणीच करत नाही, मग घरभर ओपन केसिंग पट्ट्या फिरतात.

आम्ही पुण्यात दोन-तीन शोरूमला जाऊन आलो. तिथे भिंतीवर मोठा टच पॅनल असतो, एक बटण दाबलं की पडदे सरकतात, लाईट मंद होतात, टीव्ही चालू होतो. छान वाटतं, खोटं नाही सांगत. पण मी विचारलं की इंटरनेट गेल्यावर काय होतं आणि कंपनी बंद पडली तर काय होतं, तर उत्तर नीट मिळालं नाही. आणि हा प्रश्न उगाच नाहीये. रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब, म्हणजे घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारा डबा, होता अमेरिकेत, २०१४ मध्ये गुगलच्या नेस्टने ती कंपनी विकत घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात सर्व्हर बंद केले, लोकांनी ३०० डॉलरला घेतलेला डबा बंद. इन्स्टिऑन ह्या दुसऱ्या स्मार्ट होम कंपनीचं तर २०२२ च्या एप्रिलमध्ये न सांगताच झालं, सकाळी उठले तर ॲप चालेना, नंतर काही ग्राहकांनीच मिळून कंपनी विकत घेतली म्हणून थोडं सावरलं. घर आपण तीस-चाळीस वर्षांसाठी बांधतो, आणि ह्या कंपन्या पाच वर्षं टिकतील का सांगता येत नाही. म्हणून आमच्या घरापुरता नियम असा ठरला की भिंतीवरचा प्रत्येक स्विच हाताने दाबल्यावर चाललाच पाहिजे, नेट असो नसो, हब चालू असो नसो. ॲप, आवाज, सेन्सर हे सगळं त्याच्यावर जादाचं.

आता पाईप. स्लॅबची सळई बांधून झाली की काँक्रीट पडायच्या आधी वायरमन येतो आणि फॅन बॉक्स, लाईटचे जंक्शन आणि पीव्हीसी पाईप टाकून जातो, बऱ्याचदा एका दिवसात, आणि त्या दिवशी मालक साईटवर नसेल तर तो त्याच्या सवयीने टाकतो. सवय म्हणजे खोलीच्या मध्ये एक फॅन, बाजूला एक-दोन लाईट, संपलं. स्लॅबमध्ये तुम्हाला जे जास्तीचं हवं ते त्याच दिवशी सांगायला पाहिजे. आम्ही खाली हॉलच्या छतात आणि वरच्या पॅसेजच्या छतात वायफायच्या ॲक्सेस पॉइंटसाठी (त्या मजल्यावर वायफाय देणारा छोटा डबा) वेगळा बॉक्स धरला, आईबाबांच्या बेडरूमच्या दारापाशी आणि बाथरूमच्या बाहेर सेन्सरसाठी छतात एकेक बॉक्स, आणि जिन्याच्या वळणावर एक. वायरमन दादा म्हणाले, ताई, एवढे बॉक्स कशाला, नुसती छिद्रं दिसतील. मी म्हटलं दादा, झाकण लावून रंग मारू, पण पाईप टाका. पाईपचा खर्च अख्ख्या घराच्या खर्चात कुठे दिसतसुद्धा नाही हो, आणि रिकामा पाईप ही सगळ्यात भरवशाची गोष्ट आहे कारण पुढे काय नवीन येईल ते आज कुणालाच माहीत नाही, जे येईल त्याची वायर ह्याच पाईपातून ओढता येईल.

पाईपाबद्दल अजून थोडं. साधारण २० एमएमचा टाकतात, जिथे बऱ्याच वायरी जाणार आहेत किंवा नेटवर्कची केबल जाणार आहे तिथे २५ चाच मागा. काटकोनी एल्बो लावू देऊ नका, मोठ्या गोलाईचे बेंड लावायला सांगा, नाहीतर नंतर स्प्रिंग घालून वायर ओढताना तिथेच अडकते. आणि नेट, कॅमेरा ह्यांचे पाईप लाईटच्या पाईपांपासून वेगळे, शेजारून लांबवर समांतर न्यायचे नाहीत, निदान फूटभर अंतर ठेवायचं, आणि एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडायचं. एकाच पाईपात २३० व्होल्टची वायर आणि नेटची केबल कोंबणारे लोक मी बघितलेत, ते धोक्याचंही आहे.

न्यूट्रलची गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण इथे सगळेच फसतात. साध्या स्विचला न्यूट्रल लागतच नाही, फेज येतो, स्विचमधून पुढे बल्बला जातो, न्यूट्रल वरच्यावर बल्बला जोडलेला असतो. स्मार्ट स्विच किंवा स्विचच्या मागे बसवायचं मॉड्यूल म्हणजे आत छोटा रेडिओ असतो, तो दिवे बंद असतानाही चालू राहायला हवा, म्हणून त्याला बोर्डात फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. आपल्याकडे ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच, म्हणून लोकांना वाटतं आपल्याकडे प्रश्न नाही. पण जिन्यातले टू-वे स्विच, बेडच्या बाजूचा एकटा स्विच, बाथरूमबाहेरचा बोर्ड, गच्चीच्या दाराजवळचा, तिथे बहुतेक वेळा न्यूट्रल नसतो. बिनन्यूट्रलचे स्मार्ट स्विच मिळतात, पण ते दिव्यातूनच थोडा करंट घेतात, त्यामुळे एलईडी रात्री मिणमिणतात नाहीतर फडफडतात, आणि झिगबीचे (वायफायसारखीच, पण कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत) असतील तर ते सहसा पुढच्या डिव्हाइसला सिग्नल पोचवायचं काम करत नाहीत. तेव्हा प्रत्येक पेटीत न्यूट्रल, हे मी वायरमनला दिलेल्या कागदावर सगळ्यात वर लिहिलंय.

आणि कुठला न्यूट्रल हेही महत्त्वाचं. आपल्याकडे एकाच बोर्डात दोन लाईनी येतात, दिवे-पंखे इन्व्हर्टरच्या लाईनवर आणि १६ ॲम्पियरचा पॉवर सॉकेट डायरेक्ट लाईनवर. मॉड्यूलला फेज इन्व्हर्टरचा दिला आणि न्यूट्रल शेजारच्या सॉकेटवरून उचलला, तर वेगवेगळे आरसीसीबी (शॉकपासून वाचवायला लाईन पाडणारे स्विच) असतील तर ते ट्रिप होत राहणार, कारण आरसीसीबी बघतो की जेवढा करंट गेला तेवढाच परत आला का, ३० मिलीॲम्पियरचा फरक पडला की पाडतो. मग वायरमन काय करतो, आरसीसीबीच काढून टाकतो. असं होऊ द्यायचं नाही. ज्या सर्किटचा फेज त्याच सर्किटचा न्यूट्रल, आणि दोन न्यूट्रलच्या वायरींना वेगळी खूण. आम्ही इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला टोकाला पिवळी टेप लावायला सांगितलीये.

पेटी खोल घ्या. मॉड्यूल छोटंच असतं, काड्यापेटीएवढं म्हणा, पण आठ स्विच मावणाऱ्या पेटीत आधीच वायरींचा गुंता असतो, त्यात दोन-तीन स्मार्ट मॉड्यूल कोंबले की प्लेट बसत नाही आणि आत गरम होतं ते वेगळंच. सगळ्या पेट्या बाजारात मिळतील तेवढ्या खोल घ्यायच्या आणि गरजेपेक्षा एक साईज मोठ्या. चार इंची भिंतीत दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून खोल पेट्या बसत नाहीत, हे मात्र आर्किटेक्टशी आधी बोलून घ्या, आम्ही हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीवरचे बोर्ड थोडे डावीउजवीकडे सरकवले.

स्मार्ट बल्ब घ्यायचे का? माझं मत नाही. बल्ब कितीही स्मार्ट असला तरी बाबांनी सवयीने स्विच बंद केला की त्याचा वीजपुरवठाच गेला, मग ॲपमध्ये तो सापडत नाही. आणि बाबा स्विच बंद करणारच, आयुष्यभर तेच शिकवलंय त्यांनी आम्हाला. त्यामुळे स्मार्टपणा भिंतीत, बल्ब साधा. टेबल लॅम्प वगैरे अपवाद. पंखे सगळे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतोय, साधा पंखा ७०-७५ वॅट खातो आणि हे ३० च्या आसपास, इन्व्हर्टरवर हा फरक खूप जाणवतो. पण बीएलडीसीला रेग्युलेटर चालत नाही, स्मार्ट डिमरपण नाही, त्याचा स्पीड त्याच्या रिमोटवरून नाहीतर त्याच्या स्वतःच्या वायफायवरून, म्हणून बोर्डात रेग्युलेटरची जागा धरायचीच नाही, नुसता स्विच. रिमोट हरवतात म्हणून भिंतीवर रिमोटचा स्टँड, ही आईची सूचना, आणि अगदी बरोबर आहे.

नेटवर्कचं म्हणाल तर वायफाय आरसीसी स्लॅबमधून नीट जात नाही, खास करून ५ गिगाहर्ट्झ. खालच्या मजल्यावर हॉलच्या कोपऱ्यात राउटर आणि वर बेडरूममध्ये एकच दांडी, हे आपण सगळ्यांनी भोगलंय, मग लोक रिपीटर आणतात आणि स्पीड अजून पडतो. नवीन घरात ह्याला सोपा उपाय म्हणजे केबल. कॅट ६ ची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट आरामात नेते, घरात एवढं अंतर कुठेच नसतं. ३०५ मीटरचा बॉक्स येतो, आमच्या घराला एक पुरतो. फक्त बॉक्सवर सीसीए लिहिलेलं नाही ना बघा, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, स्वस्त असते पण त्यातून कॅमेऱ्याला पॉवर द्यायची म्हटलं की बोंब. कारण आमचे ॲक्सेस पॉइंट आणि कॅमेरे पीओईवर असणार आहेत, एकाच केबलमधून नेट आणि वीज दोन्ही, साध्या पीओईत टोकाला १३ वॅटच्या आसपास मिळते, तेवढ्यात ते भागतात. म्हणजे कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग नको, ॲडॉप्टर नको, आणि सगळ्याची वीज जिन्याखालच्या एका जागी येते.

ती जिन्याखालची जागा फार विचार करून ठरवलीये. फायबरचा डबा, राउटर, पीओई स्विच, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, हब, सगळं तिथे. जाळीचं दार म्हणजे हवा खेळेल, इन्व्हर्टरच्या लाईनवरचे चार सॉकेट, आणि रस्त्यावरच्या खांबापासून तिथपर्यंत फायबरसाठी आपला स्वतःचा पाईप. हा पाईप नसेल तर नेटवाला येऊन खिडकीच्या चौकटीला ड्रिल मारून वायर आत घेतो, नव्या कोऱ्या चौकटीला. आणि अजून एक, लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो त्यात राउटर बंद होऊन परत चालू होतो, दोन-तीन मिनिटं सगळं घर मुकं. त्यासाठी इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवायचा, म्हणजे तो जास्त पटकन चालू होतो, नाहीतर राउटरला छोटा डीसी यूपीएस लावायचा. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट दिवसातून पाच वेळा झपकते, तेव्हा हे आधी.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हा सगळा खटाटोप करतीये ती म्हणजे पाणी. कुणी स्मार्ट होमच्या व्हिडिओत पाण्याच्या टाकीबद्दल बोलत नाही, सगळे रंगीत लाईट दाखवतात, पण आपल्याकडच्या कुठल्याही घरात सकाळचा पहिला तास पाण्यामागे जातो. पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, ते खालच्या टाकीत पडतं, मग मोटर लावायची, मग वरची टाकी भरली की नाही बघायला कुणीतरी गच्चीवर जायचं नाहीतर पाणी वाहून पन्हळीतून आवाज येईपर्यंत थांबायचं. बाबांचे गुडघे आता जिन्याला नको म्हणतात. त्यामुळे आम्ही सगळ्यात जास्त डोकं इथे घातलंय.

वरच्या टाकीपासून खाली मोटरच्या स्टार्टरपर्यंत एक वेगळा २५ एमएमचा पाईप, आणि खालच्या टाकीपासून स्टार्टरपर्यंत दुसरा, दोन्ही नुसत्या सेन्सरच्या वायरींसाठी. दोन्ही टाक्यांत फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा, जुनी, साधी, वर्षानुवर्षं चालणारी वस्तू, खालच्यात पाणी असेल आणि वरची रिकामी असेल तरच मोटर चालू, हे नुसत्या वायरिंगवर चालतं, त्याला हब लागत नाही, नेट लागत नाही. ह्याच्यावर मग लेव्हल दाखवणारा सेन्सर, म्हणजे फोनवर दिसेल की टाकीत किती पाणी आहे आणि मी पुण्याहून बघू शकेन. खालची टाकी रिकामी असताना मोटर कोरडी चालली तर सील जळतं, तो खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाचतो. मोटर थेट स्मार्ट स्विचवर मात्र लावू नका, १६ ॲम्पियर लिहिलेलं असलं तरी. १ एचपीची मोटर म्हणजे साधारण ७५० वॅट, पण चालू होताना ती पाच-सहा पट करंट ओढते, स्मार्ट स्विचमधली छोटी रिले (आतला चालू-बंद करणारा संपर्क) त्याने चिकटून बसते, म्हणजे मोटर बंदच होत नाही. मध्ये काँटॅक्टर, म्हणजे मोठा करंट झेलणारा दणकट स्विच, टाकायचा, स्मार्ट स्विचने फक्त काँटॅक्टरची कॉईल चालवायची. आणि शेजारी एक हाताने फिरवायचा ऑटो-मॅन्युअल स्विच, ज्याला काही समजत नाही त्यालाही मोटर चालू करता आली पाहिजे, कामाला येणाऱ्या मावशींना, शेजारच्यांना, कुणालाही.

गच्चीवर जाणारे पाईप वरच्या टोकाला उलट्या यू सारखे वळवून घ्या, तोंड खाली. सरळ उभा पाईप ठेवला की साताऱ्याच्या पावसाचं पाणी थेट तुमच्या डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य विजेच्या पेटीत. सोलर वॉटर हीटरच्या टाकीचं तापमान बघायला एक साधा सेन्सर त्याच पाईपातून सोडणारे, म्हणजे सकाळी पाणी पुरेसं गरम असेल तर बाथरूमचा गीझर लागायलाच नको.

आईबाबांसाठीच्या गोष्टी. रात्री बेडरूममधून बाथरूमला जाताना पायाशी मंद दिवा आपोआप लागावा, ही एकच गोष्ट मला पंधरा गॅजेटपेक्षा मोलाची वाटते, म्हातारी माणसं पडतात ती रात्री अंधारात, आणि बाबा आईची झोपमोड नको म्हणून लाईट लावतच नाहीत. जमिनीपासून फूटभर उंचीवर फुटलाईटचे पॉइंट भिंतीला झिऱ्या मारतानाच काढून घेतलेत. हालचाल ओळखायला साधा पीआयआर सेन्सर पॅसेजला पुरतो. खोलीत माणूस शांत बसलाय तरी ओळखणारे रडारवाले सेन्सर आलेत आता, चांगले आहेत, पण फिरता पंखा आणि हलणारा पडदा ह्यालाही ते माणूस समजू शकतात, म्हणून ते छताच्या पंख्याच्या समोर येणार नाहीत अशा कोपऱ्यात जागा काढायची. बाथरूममध्ये कमोडजवळ हाताला येईल आणि खाली पडलं तरी पोचेल अशा उंचीवर एक बटण, ते दाबलं की हॉलमध्ये आणि शेजारच्या काकांकडे बेल, आम्हाला फोनवर मेसेज. बेल वायरची आहे, मेसेज नेटचा. नेट नसेल तरी बेल वाजते.

किचनमध्ये गॅस सेन्सरसाठी पॉइंट. सिलेंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून सेन्सर जमिनीपासून साधारण फूटभर वर. पाईपलाईनचा गॅस हलका, तो वर जातो, त्याचा सेन्सर छताजवळ. आमच्याकडे आज सिलेंडर आहे, उद्या लाईन आली तर, म्हणून दोन्हीकडे पॉइंट काढले. बऱ्याच घरात मी एलपीजीचा सेन्सर चिमणीच्या शेजारी वर लावलेला बघितलाय, तिथे तो वाजेल तेव्हा फार उशीर झालेला असेल, प्लीज हे तपासा.

आवाजाने चालवायचं म्हणाल तर आईला मी विचारलं, ती म्हणाली मला माझ्या भाषेत बोलू दे, नाहीतर बटण बरं. अलेक्सा २०१९ पासून हिंदी बोलते, पण साताऱ्यात जन्म काढलेल्या बाईने स्वतःच्या स्वयंपाकघरात दिवा लावायला हिंदी का बोलावं? मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. तिच्यासाठी ओट्याजवळ चार बटणांचा एक बोर्ड असणार, त्यावर मराठीत लिहिलेलं, मोटर, अंगण, देवघर, सगळं बंद.

आतली भाषा कुठली, म्हणजे झिगबी का वायफाय का मॅटर, ह्यावर भाऊ आणि मी बराच वाद घातला. वायफायचे स्विच स्वस्त आणि सोपे, पण घरात तीस-चाळीस झाले की साधा राउटर गुदमरतो आणि बरेचसे कंपनीच्या क्लाऊडवरच चालतात. झिगबीत प्रत्येक मेनवरचं मॉड्यूल पुढच्याला सिग्नल देतं, जेवढी जास्त तेवढं जाळं मजबूत. मॅटर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत म्हणून काढलेली सामायिक पद्धत, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलं, ॲपल, गुगल, ॲमेझॉन सगळे त्यात आहेत, दिशा चांगली आहे. केएनएक्स म्हणजे वेगळी बस केबल टाकून करायचं काम, खरंच दणकट, पण ते लावणारा आणि प्रोग्राम करणारा माणूस आम्हाला पुण्याहून बोलवावा लागला असता आणि बजेट तर गेलंच असतं. आम्ही झिगबी आणि होम असिस्टंट ठरवलं. होम असिस्टंट हे फुकट, ओपन सोर्स, २०१३ पासून चालू असलेलं सॉफ्टवेअर आहे, जिन्याखालच्या छोट्या कॉम्प्युटरवर चालतं आणि सगळं घरातल्या घरात राहतं. त्याला थोडं शिकावं लागतं, भाऊ शिकलाय. ज्यांच्या घरी असं कुणी नाही त्यांनी हा मार्ग घेऊ नये, खरंच सांगते, साधे चांगले रेडिमेड स्विच घ्यावेत आणि पाईप-न्यूट्रल तेवढं नीट करून ठेवावं.

कॅमेरे फक्त बाहेर. गेट, पार्किंग, मागचं अंगण. घराच्या आत एकही नाही, ह्यावर मी ठाम आहे, आईबाबांवर लक्ष ठेवायचं म्हणून हॉलमध्ये कॅमेरा लावणारे मुलगे-मुली आहेत, मला ते बघवत नाही. त्यांना त्यांच्या घरात मोकळं बसता आलं पाहिजे. रेकॉर्डिंग जिन्याखालच्या हार्ड डिस्कवर. गेटपर्यंत पेव्हर ब्लॉक बसायच्या आधी दोन पाईप जमिनीतून, एक विजेचा, एक केबलचा, व्हिडिओ बेल आज घ्या किंवा नंतर.

स्मार्ट लॉक बाबांना नको होतं, मला हवं होतं, शेवटी जाळीच्या सेफ्टी दाराला साधं कुलूप आणि आतल्या सागवानी दाराला स्मार्ट लॉक असं ठरलं, किल्लीचं भोक असलेलंच. आपल्याकडचं लाकूड पावसाळ्यात फुगतं, दार ओढून लावावं लागतं, तेव्हा लॉकची मोटर अडकते आणि बॅटरी संपते. सुताराला सांगून दार आणि चौकटीत थोडी जास्त फट ठेवून घेतलीये.

सोलर आत्ता लगेच नाही करणार पण त्याचा पाईप गच्चीपासून मीटरपर्यंत टाकून घेतोय. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी मिळते, त्यामुळे वर्षभरात करूच. एक गैरसमज मात्र सगळीकडे दिसतो, की सोलर बसवलं की लाईट गेली तरी घर चालू. साध्या ऑनग्रिड सोलरमध्ये महावितरणची लाईट गेली की सोलरही बंद होतं, मुद्दाम तसं केलेलं असतं, कारण खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या घरातून उलटा करंट जाऊन शॉक बसू नये. बॅटरी हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) आणि त्याची जागा आत्ताच बघा. पार्किंगमध्ये ईव्हीसाठी डीबीपासून वेगळी लाईन, ६ स्क्वेअर एमएमची वायर, ३२ ॲम्पियर, गाडी आज नाहीये पण पाच वर्षांत असेलच. आणि डीबीत सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे अचानक वाढलेला व्होल्टेज अडवणारं उपकरण, लावा, अर्थिंग नीट करून मोजून घ्या, वळवाच्या पावसात एक वीज जवळपास पडली की हे सगळे नाजूक रेडिओ एका फटक्यात जातात.

गिलावा व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढायचा, टेप लावून, म्हणजे पाईप कोपऱ्यापासून किती फुटांवर आहे ते फोटोत दिसेल. स्लॅबचे तर काँक्रीट पडायच्या सकाळी काढले. हे फोटो एका फोल्डरमध्ये, खोलीच्या नावाने, आणि त्याचा एक छापील संच डीबीच्या दारात आतून चिकटवणार, कारण दहा वर्षांनी जो वायरमन येईल त्याला माझा ड्राइव्ह कुठे माहीत असणार. वायरींच्या दोन्ही टोकांना नंबर. वायरमन दादांचा रेट पॉइंटवर असतो, रिकामे पाईप आणि सेन्सरचे बॉक्स त्या हिशोबात कसे धरायचे हे आधीच बोलून कागदावर लिहून घेतलं, त्यांनाही बरं वाटलं आणि आता तेच विचारतात की ताई, इथे एक टाकून ठेवू का.

पुढच्या आठवड्यात वरच्या स्लॅबचे पाईप पडतील. एक गोष्ट अजून ठरत नाहीये. वरच्या टाकीत लेव्हल बघायला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावावा म्हटलं तर झाकणाखाली थंडीत वाफेचे थेंब धरतात आणि सेन्सर चुकीचं दाखवतो, आणि प्रेशरवाला तळाशी सोडायचा तर वर्षातून दोनदा टाकी धुताना तो काढायला लागणार. तुमच्यापैकी कुणी दोन-तीन पावसाळे काढलेत का ह्यातल्या एखाद्यावर? कुठला, कसा बसवला, किती दिवसांनी साफ करता, जरा सविस्तर कळवा, काँक्रीटच्या आधी कळलं तर बॉक्सची जागा त्याप्रमाणे धरता येईल.